भरल्या टाकीची फटफटी

भावोजी,

तुमच्या तेराव्याला वाडीतली झाडून सगळी माणसं आली होती. तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. लढाईत तुम्ही वाळवंटातून निरोपाचे कागद घेऊन फिरलात ते निघालं, पावसात ओढ्यावरचा साकव वाहून गेला तेव्हा चार बापये गोळा करून तुम्ही दोन दिवसांत नवा उभा केलात तेही निघालं. फटफटीचा विषय मात्र कुणी काढला नाही. मी पंक्तीत वाढत होतो. फटफटी उभी आहे त्या मांगराचं दार अर्धं उघडं होतं आणि हात धुवायला उठलेला प्रत्येक माणूस तिकडे एकदा बघून मान फिरवत होता.

म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्हाला जे सांगायचं होतं ते तोंडानं सांगायला मला नऊ वर्षं मिळाली. मी ती कार्बोरेटर आणि मॅग्नेटोवर वाद घालण्यात घालवली.

माझी मास्तरकीची पहिली नेमणूक तुमच्याच वाडीच्या शाळेत झाली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. बहिणीचं घर असताना दुसरीकडे कशाला राहायचं म्हणून तुमच्याकडे आलो. लढाई संपून दहा-बारा वर्षं होऊन गेली होती, तरी लोक तुम्हाला 'हवालदार'च म्हणत. पलटणीतून सुटल्यावर मोडीत काढलेली लष्करी फटफटी तुम्ही कोल्हापुरात लिलावात घेतली होती आणि एकट्यानं चालवत फोंडाघाट उतरून आला होता. काजूच्या हंगामात गावोगाव फिरून बिया गोळा करायच्या आणि मालवणच्या व्यापाऱ्याकडे पोचत्या करायच्या, हा तुमचा धंदा. बैलगाडी जाणार नाही तिथं तुमची फटफटी जायची. पाणंदीतून जायची, मळ्याच्या मेरेवरून जायची, सड्यावरच्या उघड्या कातळावरून दगड उडवत जायची. मागे दोन्ही बाजूंना बियांची पोती बांधलेली. ओढ्यात उतरताना तुम्ही तिला हिंदीत हुकूम सोडायचे, "चलो जवान." आमच्याशी तुम्ही कधी हिंदी बोलला नाहीत. ती भाषा फक्त तिच्यासाठी होती.

मला चालवायला तुम्हीच शिकवलंत. सड्यावर नेलंत, मला बसवलंत आणि खाकी अर्ध्या चड्डीत शेजारून धावत राहिलात. मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा माझं कोपर फुटलं तेव्हा आधी मला उचललंत आणि मग फटफटीला, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं होतं. पुढे तुमच्याबद्दल जे बोललं गेलं त्याच्या नेमकं उलट ते होतं, आणि ते मला माहीत होतं.

नुसतं चालवणं नाही, ती खोलायलाही शिकवलंत. प्लग कसा काढायचा, ठिणगी निळी आहे की पिवळी ते कसं बघायचं, पेट्रोलच्या नळीत फुंकर कशी मारायची. शाळा सुटली की मी मांगरात. आक्का म्हणायची, "माझो भाव मास्तर म्हणान इलो आणि मेस्त्री झालो." तुम्ही हसायचे. वडील लहानपणीच गेले माझे. कुणा मोठ्या माणसाच्या शेजारी उकिडवं बसून त्याच्या हातात पाना द्यायचा, हे सुख मला तुमच्याकडे पहिल्यांदा मिळालं.

आपला पहिला वाद टाकीवरून झाला. मिरगाच्या आधी हंगाम संपायचा आणि फटफटी चार-पाच महिने मांगरात उभी राहायची. पावसात आपल्या वाटेनं फटफटी कुठली जायला. मी म्हणत होतो, टाकी रिकामी करून ठेवूया, पेट्रोल शिळं होईल. तुम्ही म्हणाला, "पलटणीत आमका शिकयला, टाकी काठोकाठ भरान ठेवची. रिकामी टाकी आतसून गंजता." त्या वर्षी तुम्ही डब्यातलं पेट्रोल ओतून ती अगदी तोंडापर्यंत भरलीत, झाकण घट्ट फिरवलंत, वर गोणपाट टाकलंत.

त्याच पावसाळ्यात आक्काला दिवस जाऊन पाच महिने झाले होते. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर. तुम्ही तिला विहिरीवर जाऊ देत नव्हता. स्वतः कळशा भरत होता आणि गडगडाटानं ती दचकली की ओटीवरून उठून आत डोकावून येत होता.

तो दिवस भातकापणीतला होता. वाडीतले बापये, बायका, सगळे खाली मळ्यात. पहाटेपासून आक्काला कळा येत होत्या. सात वाजायच्या सुमाराला गोदाकाकी सुईण बाहेर आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "हवालदारानू, पोर आडवा आसा. ह्या माझ्या हातान सुटाचा नाय. कुडाळच्या डॉक्टरणीक हय हाडा, नायतर हिका थंय न्हेवा."

तुम्ही मांगराकडे वळलात. मग म्हणाला, "सदा, फटफटी भायर काढ."

हिशेब सरळ होता. वाडीपासून कसाल चार मैल, तिथून कुडाळ आणखी नऊ-दहा. फटफटी चालली तर दोन-अडीच तासांत डॉक्टरीणबाई मागे बसून आल्या असत्या. दुसरा मार्ग डोलीचा. मळ्यातून चार माणसं बोलवायची, आक्काला डोलीत घालून कसालला न्यायचं आणि तिथं मिळेल त्या मोटारीनं पुढे. त्याला जास्त वेळ लागणार, आणि तिला त्या अवस्थेत हलवायचं. फटफटी आधी, हे त्या वेळी कुणीही म्हटलं असतं.

गोणपाट काढलं तेव्हा चाकांवर पांढरी बुरशी होती. तुम्ही किक मारली. एकदा, दहादा. काही नाही. प्लग काढला तर ओला. मी धावत आत जाऊन चुलीच्या निखाऱ्यावर तो तापवून आणला. तरी ठिणगी पिवळी. तुम्ही पॉइंट उघडलेत, त्यावर हिरवट गंज धरला होता. आगपेटीच्या खरखरीत बाजूनं ते घासलेत. आता ठिणगी निळी आली. टाकीचं झाकण उघडून तुम्ही वास घेतलात, म्हणालात, "वायच शिळा आसा, पण चलात." झाकण लावलंत, किक मारली आणि फटफटी पेटली.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. मांगरातल्या कोंबड्या उडाल्या. तुम्ही तसेच बसून ती बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत नेलीत. बेड्याबाहेर वीस पावलांवर ती खोकली आणि मेली.

आपण ती ढकलत परत आणली. पुन्हा किक. काही नाही. कार्बोरेटर खोलला, नळी फुंकली, पुन्हा झाकण उघडून टाकीत काडी बुडवून बघितली. पेट्रोल भरपूर. पुन्हा किक, पुन्हा पेटली, बेड्याबाहेरच्या फणसाच्या झाडापर्यंत गेली, पुन्हा बंद. आतून आक्काचा आवाज आला आणि थांबला.

तुम्ही फटफटी स्टँडवर लावलीत. आठ वाजले असतील. म्हणाला, "पुरे, सदा. मी मळ्यात जातंय, चार माणसां घेवन येतंय. डोली करूया."

आणि मी म्हणालो, "थांबा भावोजी. आजार गावलो. जेटात कचरो आसा. आता एका किकेत होतली बघा."

तुम्ही थांबलात.

मी हे नऊ वर्षं मनातल्या मनात उलटसुलट करून बघितलं आहे. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच वाटत होतं की आता होईल. दोनदा पेटलेली फटफटी तिसऱ्यांदा पेटणारच आणि या खेपेला चालणारच, असं माझ्या हातांना वाटत होतं. पण त्यात आणखीही काही होतं. तुम्ही शिकवलेलं काम मी तुमच्याआधी ओळखलं, दोष मी शोधून काढला, हे मला दाखवायचं होतं. बहीण आत तडफडत होती आणि मला शाबासकी हवी होती. आता तुमच्यापासून हे लपवून काय करू.

जेट, म्हणजे कार्बोरेटरातलं पेट्रोलचं बारीक छिद्र, मी तांब्याच्या तारेनं साफ केला. त्यात कचरा नव्हता. तरी झाकण उघडून, लावून, किक मारल्यावर फटफटी पेटलीच. अर्धा मिनिट चालली. मग ठिणगी पाडणारा मॅग्नेटो. मग उतारावर ढकलणं. दर खेपेला ती एवढीच बोलायची की आपल्याला पुढचा प्रयत्न करावासा वाटावा. ऊन मांगराच्या छपरावरून अंगणात उतरलं. मी स्वतः कसालला धावत सुटलो असतो तर एव्हाना तिथं पोचून एखादी मोटार पकडून कुडाळला निघालो असतो. ते त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दहा वाजून गेल्यावर तुम्ही पाना जमिनीवर ठेवलात, बेडं ओलांडलंत आणि मळ्याच्या दिशेनं पळालात.

डोली कसालला पोचेपर्यंत एक वाजून गेला. कौलांनी भरलेला एक ट्रक थांबला, ड्रायव्हरनं आक्काला पुढे घेतलं. कुडाळला डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं. मुलगी मेलेलीच आली. बाई बाहेर येऊन तुम्हाला म्हणाल्या, "उशीर झाला." किती उशीर झाला, ते तुम्ही विचारलं नाहीत. मीही नाही. तुमच्या पंच्यात गुंडाळून मुलीला तुम्ही वाडीवर आणलंत. कसालपासूनचे चार मैल कुणाच्या हातात दिलं नाहीत.

तिसऱ्या दिवशी मालवणहून आई आली. ओटीवर तुमच्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "हवालदारानू, तुमका फटफटी होयी होती की पोर?"

मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभा होतो. तुम्ही मान वर केली नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. एकदा बघितलं असतंत तर कदाचित मी बोललो असतो, अशी माझी मी समजूत घालत आलो. तुम्ही म्हणाला, "चुकला माझा."

त्या दोन शब्दांवर सगळं ठरलं. हवालदाराच्या हट्टापायी पोर गेलं, असं वाडीनं धरलं, मालवणनं धरलं. जूनमध्ये मी कुडाळला बदली मागून घेतली. आणि दोन वर्षांनी माझ्या लग्नात, मामानं तो विषय काढला तेव्हा मी चार माणसांत म्हणालो, "फटफटीच्या बाबतीत भावोजी कोणाचा आयकतत काय?" तुम्ही पलीकडच्या खोलीत वऱ्हाडाला विडे करून देत होता. मधे नुसता पडदा होता. ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळी निरोप घेताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "संसार नीट कर." ते ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

फटफटी तुम्ही पुन्हा चालवली नाहीत. काजूचा धंदा पायी सुरू ठेवलात, डोक्यावर पोतं घेऊन. मी सणावारी यायचो तेव्हा जेवणानंतर आपला तोच वाद. तुम्ही म्हणायचे, "पेट्रोल शिळा होता. टाकी भरान ठेवली ती माझी चूक." मी म्हणायचो, "पेट्रोलाक काय होत नाय भावोजी, मॅग्नेटोत ओल गेली होती." तुम्ही म्हणायचे ओल गेली असती तर पेटलीच नसती. मी म्हणायचो पेट्रोल शिळं असतं तर दर खेपेला पेटून बंद का पडली असती. कागदावर आकृती काढून भांडलो आहोत आपण. फटफटीबद्दल बोलत होतो तोवर दुसरं काही बोलावं लागत नव्हतं. मला वाटायचं, तुम्हालाही तेच हवं आहे.

या चैत्रात तुमचं कार्ड आलं. "चि. सदानंद यास आशीर्वाद. फटफटी उघडायची आहे. रविवारी यावे. येताना नवा प्लग व डबाभर पेट्रोल आणावे." बाकी काही नाही. मी आलो तेव्हा तुमची तब्येत बघून चरकलो. दोन पायऱ्या चढून तुम्हाला धाप लागत होती. तरी मांगरात पाट मांडून, हत्यारं फडक्यावर ओळीनं लावून बसला होता.

त्या रविवारी आपण घाई केली नाही. एकेक वस्तू काढली, पुसली, उजेडात धरली. टाकीतलं पेट्रोल तळाशी गेलं होतं, काळसर आणि चिकट, वार्निशासारखा वास. ते ओतून टाकलं. टाकी आतून धुतली. पॉइंट घासले, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या त्या सोडवल्या, कार्बोरेटर रॉकेलात बुडवला. नवा प्लग लावला. मी नवं पेट्रोल ओतत होतो आणि तुम्ही टाकीचं झाकण हातात घेऊन बघत होता.

"सदा, ह्या बघ."

झाकणाच्या आतल्या बाजूला हवा जायला बारीक भोक असतं. त्या भोकात माती होती. कुंभारीण माशी घर करते तसली, दगडासारखी कडक झालेली. तुम्ही केरसुणीची हीर मोडून घेतलीत आणि टोचून टोचून ती माती काढलीत. तळहातावर घेऊन मला दाखवलीत. मोहरीच्या दाण्याएवढी असेल.

"हवा आत जावक नाय तर पेट्रोल खाली कसा येतला," तुम्ही हळू आवाजात म्हणाला. "आमी झाकण उघडी होतो तेंवा हवा जाय. मगे ती पेटा. झाकण लावला की परत गळो आवळलेलो. त्यात टाकी काठोकाठ, हवेक जागाच नाय."

दर खेपेला आपण आधी झाकण उघडलं होतं, हे मला त्याच क्षणी आठवलं. नऊ वर्षांच्या आपल्या वादात आपण दोघेही चुकीचे होतो.

"पण ही माती तेंवाचीच कशावरना?" मी म्हणालो. "नऊ वर्षां उभी आसा. मागीर पण धरली आसात."

"तां कोण सांगतलो," तुम्ही म्हणाला. आणि ती माती चिमटीत धरून उजेडाकडे नेलीत. "एक हीर होयी होती, सदा."

झाकण लावलं. तुमच्यात जोर नव्हता म्हणून किक मी मारली. पाचव्या किकेला ती पेटली. निळा धूर मांगरभर झाला आणि चालत राहिली, बंद पडली नाही. आत आक्का भात कांडत होती. मुसळाचा आवाज थांबला. ती बाहेर आली नाही. आपण दोघे त्या आवाजात उभे होतो आणि दर मिनिटाला मला वाटत होतं, आता बंद पडेल, बंद पडायलाच हवी. नाही पडली. शेवटी तुम्हीच हात पुढे करून ती बंद केलीत.

मग पाटावर बसलात, श्वास खाली येऊ दिलात आणि मला विचारलंत, "आणि काय रवला, सदा?"

मी म्हणालो, "चैन ढिली आसा. पुढच्या येळाक बघुया."

तुम्ही मान हलवलीत. हत्यारं फडक्यात गुंडाळायला घेतलीत. आषाढात तुम्ही गेलात. ती चैन तशीच आहे.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, मी चार दिवस राहिलो. चौथ्या दिवशी आक्का माजघरात सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि एका दमात म्हणालो, "आक्का, त्या दिवशी भावोजी माणसां आणूक निघाले होते. मी तेंका थांबवलंय."

तिचे हात थांबले नाहीत. "माका ठावक आसा," ती म्हणाली.

"भावोजींनी सांगितल्यानी?"

"तेंनी कित्याक सांगूक होया? माझी खोली मांगराक लागान आसा. खिडकी उघडीच होती. कळ येय तेंवा माका काय आयकाक येय नाय. कळ गेली की सगळा आयकाक येय."

मी म्हणालो, "मी एकदाच म्हटलंय, थांबा म्हणान."

"एकदा नाय. तीनदा. दोन येळा हे थांबले. तिसऱ्या येळाक तू म्हणत रवलंस आणि हे निघान गेले."

भावोजी, मला ते आठवत नाही. मी कितीदा तो दिवस उगाळला असेल, त्यात मी दर वेळी एकदाच बोलतो. पण तिचं खरं असणार. तिला मोजण्याखेरीज त्या खोलीत दुसरं काय होतं.

"मगे आईक सांगलंस कशाक नाय? माका बोललंस कशाक नाय?"

"बोलतलंय होतंय. आई तेंका बोलली त्याच दिवशी. तेंनी माका अडवल्यानी. म्हणाले, तो सांगतलो. तेका येळ लागात, पण तो सांगतलो." तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "तुझ्या लग्नातसून इल्यावर पण ह्याच म्हणाले."

म्हणजे तुम्ही ऐकलं होतं.

"आणि चैतात फटफटी उघडूक बोलावल्यानी, ता काय फटफटीसाठी?" आक्का म्हणाली. "तेंका विहिरीपर्यंत जावक जमा नाय. फटफटी चलवन खंय जातले होते ते?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिनं मला समजावलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "माका तुझो राग आसा, सदा. तेंका नाय होतो. माका आसा." तिनं ते अगदी शांतपणे सांगितलं, तांदूळ पाखडता पाखडता.

मी उठायला लागलो. तिनं बसायला सांगितलं.

"एक सांग माका. पयल्या येळाकच हे गेले आसते, तर चेडू जगला आसता?"

"ठावक नाय, आक्का."

"तेंकाय ठावक नाय होता. नऊ वर्षां आमी दोघां ह्याच बोली होतो. जेवणा झाली की ओटीवर बसान. मी म्हणी, जगला आसता. ते म्हणत, नाय जगला आसता, आडवा होता ता. कधी ते म्हणत, जगला आसता, मगे मी म्हणी नाय." तिनं सूप खाली ठेवलं. "आता ह्या बोलूक माका कोण नाय. तू येत जा."

एवढ्या वर्षांत मला वाटत आलं होतं की तुम्ही ते ओझं एकट्यानं वाहता आहात आणि आक्काला काही माहीत नाही. तुम्ही दोघं मिळून ते उचलत होता. माझ्यासाठी तिसरी जागा ठेवून दर सणाला मला जेवू घालत होता. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही. तुमच्यावर रागही येतो. एकदा तरी विचारायचं होतंत. एकदा कानाखाली मारायची होतीत. तुमच्या सोशिकपणानं मला नऊ वर्षं भित्रा राहू दिलं.

त्यानंतर दोन रविवार मी वाडीवर जाऊन आलो. कुडाळहून सकाळच्या गाडीनं कसाल, तिथून पावसातून चालत. पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर आपण ओटीवर बसलो, म्हणजे ती आणि मी. ती म्हणाली, "जगला आसता ता." तुमच्या जागी जे म्हणायचं होतं ते माझ्या तोंडून बाहेर पडेना. ती उठून आत गेली.

काल पुन्हा गेलो. पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. ती पुन्हा तेच म्हणाली. मी म्हणालो, "नाय आक्का. आडवा होता. नाय जगला आसता."

तिनं बाहेर वाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "अंधार पडायच्या आदी निघ. वाट निसरडी आसा."

मी ते तिच्यासाठी म्हणालो की माझ्यासाठी, मला सांगता येत नाही, भावोजी. तुम्ही म्हणत होता तेव्हा तुम्हाला तरी ठाऊक होतं का? येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे.

तुमचा,
सदा